चौदा टक्के

ट्रकचा नंबर मी पाहिलाच नव्हता. लोक नंतर विचारायचे, "नंबर घेतला का?" अरे बापा, रस्त्यावर पडलेला माणूस स्वतःचा हात कोणत्या दिशेला आहे ते पाहतो, नंबर काय घेतो! नंबर घेतला तो चहाच्या टपरीवाल्या भाऊने. त्याने मला उचलायच्या आधी मोबाईल काढून ट्रकचे तीन फोटो घेतले. एक मागच्या पाटीचा, एक दारावरच्या ट्रान्सपोर्टच्या नावाचा आणि एक माझी गाडी ट्रकच्या डाव्या चाकाशी पडलेली असतानाचा. मला तेव्हा त्याचा रागच आला होता. मी विव्हळतोय आणि हा फोटो काढून राह्यला. पुढच्या तीन वर्षांत ते तीन फोटो माझ्या किती कामी आले, ते मलाच माहीत.

17 ऑगस्ट 2022, बुधवार, संध्याकाळी पावणेसातचा सुमार. झिमझिम पाऊस. मी नागपुरात वाडी नाक्याकडून अमरावती रोडने येत होतो. माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. वाडीत गोदामं भरपूर, म्हणून तिकडची गिऱ्हाइकंही भरपूर. कॅरिअरला अर्ध्या एचपीच्या पंपाचं जळलेलं स्टेटर, म्हणजे मोटरचा न फिरणारा, तारांनी भरलेला भाग, सुतळीने बांधलेलं होतं. सळया भरलेला बारा चाकी ट्रक माझ्या उजवीकडून पुढे गेला आणि इंडिकेटर न देता एकदम डावीकडे, गोदामाच्या गेटात वळला. ड्रायव्हर बसतो उजवीकडे, डावीकडचं त्याला आरशातून दिसेल तेवढंच. मी नेमका त्या न दिसणाऱ्या पट्ट्यात. हँडल मागच्या चाकाला घासलं, मी पडलो आणि उजवा हात गाडीखाली पिळला गेला.

हेल्मेट होतं, पण आरशाला लटकवलेलं. हे लपवत नाही, कारण कोर्टातही लपवता आलं नाही.

जवळच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. काउंटरवरच्या माणसाने आधी 30 हजार भरायला सांगितले, मग म्हणाला, "पोलीस केस आहे, मेडिकलला न्या." मेडिकल म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना. 1989 सालीच सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की दवाखाना सरकारी असो की खासगी, अपघाताच्या जखमीवर तातडीचे उपचार केलेच पाहिजेत, पोलिसांची कागदपत्रं नंतर. हे मला फार नंतर कळलं. त्या रात्री कळलं असतं तरी काउंटरशी भांडायला तोंडात जीव कुठे होता!

पण मेडिकलला नेलं ते एका अर्थी बरंच झालं. तिथल्या कॅज्युअल्टीत एमएलसी झाली. एमएलसी म्हणजे डॉक्टर रजिस्टरमध्ये लिहितो की हा माणूस अमुक वाजता रस्ता अपघातात जखमी होऊन आला, अंगावर या या जखमा. त्याला नंबर पडतो आणि पोलीस चौकीला कळवलं जातं. ऑपरेशन मी पुढे दुसऱ्या खासगी दवाखान्यात केलं, पण अपघात आणि दुखापत यांची गाठ बांधणारा पहिला कागद मेडिकलचाच. आमच्या गल्लीतल्या एकाने एमएलसीच केली नव्हती. घरी गेला, हळद लावली, चौथ्या दिवशी पाय सुजला तेव्हा दवाखान्यात. विमा कंपनीचा वकील त्याला म्हणाला, तुम्ही जिन्यावरून पडलात.

मनगटाच्या हाडाचे तुकडे झाले होते, अंगठ्याच्या मुळाशी तडा. प्लेट बसवली. तिसऱ्या दिवशी वॉर्डात पाहुणे सुरू झाले.

पहिला पाहुणा ट्रान्सपोर्टचा मुन्शी. सफरचंदं घेऊन आला. बायकोला म्हणाला, "ताई, पोलीस-कोर्ट कशाला, गरीब ड्रायव्हर आहे, वीस हजार घ्या अन् मिटवून टाका." सोबत टाइप केलेला कागद होता, माझी काहीही तक्रार नाही अशा मजकुराचा. बायकोने सफरचंदं ठेवून घेतली आणि कागद परत दिला.

दुसरा पाहुणा एजंट. पांढरा शर्ट, खिशात दोन पेन. "क्लेमचं सगळं आम्ही पाहतो, तुम्ही फक्त सह्या करा. मिळालं तर तीस टक्के, नाही मिळालं तर काही नाही." पुढे कोरं वकीलपत्र केलं. माझा उजवा हात पट्ट्यात, सही होणार कशी? तो म्हणाला, डाव्या हाताचा अंगठा चालते. निकालातल्या रकमेत वाटा घेऊन केस चालवायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, हे त्याला माहीत नसेल असं नाही. आणि ज्याला वकील परवडत नाही त्याला सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण फुकट वकील देते. महाराष्ट्रात वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत असलं की पुरे. बायका, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग यांना तर उत्पन्नाची अटच नाही. वॉर्डाच्या भिंतीवर हे कोणी लिहीत नाही.

आता पोलीस. फिर्याद माझ्या साळ्याने रात्री दिली, मी शुद्धीवर होतो पण बोलण्यात अर्थ नव्हता. साळा अपघाताच्या जागी नव्हता. ठाण्यात लिहून घेणाऱ्याने त्याला विचारलं, "मागून ठोकलं ना?" हा म्हणाला, "हाव." झालं. एफआयआरमध्ये आलं, ट्रकने पाठीमागून धडक दिली. प्रत्यक्षात ट्रकने पुढे जाऊन डावीकडे कट मारला होता. दवाखान्यात एफआयआरची प्रत वाचली तेव्हा लक्षात आलं. प्रत फिर्यादीला फुकट मिळते, आमचा साळा ती न वाचताच घेऊन आला होता. मी हवालदारांना फोन करून पुरवणी जबाब घ्या म्हटलं. "काही फरक पडत नाही जी," ते म्हणाले. पडतो. दोनदा फोन, मग एकदा बायको ठाण्यात जाऊन बसली, तेव्हा सहाव्या दिवशी दवाखान्यात येऊन जबाब घेतला. त्यात मी चहावाल्याचं नाव साक्षीदार म्हणून घातलं.

चहावाला आधी तयार नव्हता. कोर्टाच्या चकरा मारायला लागतील, धंदा बुडेल. मोटार वाहन कायद्यात 134-अ हे कलम 2019 च्या दुरुस्तीत आलं. जखमीला मदत करणाऱ्यावर कसलाही दावा होत नाही आणि त्याने साक्षीदार व्हायचं की नाही हे त्याच्याच मर्जीवर असतं. साळ्याने त्याला हे समजावलं, जबरदस्ती नाही म्हणाला, तेव्हा तो स्वतःहून "लिहा माझं नाव" म्हणाला.

ट्रकची माहिती साळ्याच्या पोराने मोबाईलवर काढली. एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाकला की विमा कुठल्या तारखेपर्यंत आहे, फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचं सर्टिफिकेट, कधी संपलं, सगळं दिसतं. ट्रक छत्तीसगडचा, मालक रायपूरचा. विमा चालू, पण फिटनेस जून 2022 लाच संपलेलं! त्याने लगेच स्क्रीनशॉट घेऊन ठेवला. ट्रक तोवर सुपूर्दनाम्यावर, म्हणजे बोलावलं की हजर करू अशा लेखी हमीवर, सुटून पुन्हा रस्त्याला लागला होता. मी घरी गेलो त्याच्या आधी.

मला वाटायचं की रायपूरचा मालक म्हणजे केस रायपूरला. तसं नसतं. अपघात जिथे झाला तिथे, जखमी जिथे राहतो तिथे किंवा समोरचा जिथे राहतो तिथे, यातल्या कुठल्याही ठिकाणी दावा टाकता येतो. माझे पहिले दोन्ही नागपूरच.

मुदतीचं मात्र मी जवळजवळ घालवलंच होतं. शेजारचे काका ठामपणे सांगायचे, "घाई काहून करता, दोन-तीन वर्षं चालते." त्यांच्या काळात चालत असेल. 1 एप्रिल 2022 पासून दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत टाकावा लागतो. या कलमाला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका. मी वकील मॅडमकडे पहिल्यांदा गेलो तो जानेवारी 2023 चा तिसरा आठवडा. त्यांनी एफआयआरची तारीख पाहिली, कॅलेंडर पाहिलं आणि चहा न मागवता कामाला लागल्या. दावा दाखल झाला 2 फेब्रुवारीला. 17 तारखेला मुदत संपत होती.

त्यांनीच सांगितलं की नव्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने 48 तासांत अपघाताचा पहिला अहवाल न्यायाधिकरणाला, म्हणजे अपघाताचे दावे चालवणाऱ्या कोर्टाला, आणि विमा कंपनीला पाठवायचा असतो, 90 दिवसांत सविस्तर अहवाल, आणि जखमीला त्याचे हक्क सांगणारा छापील फॉर्म द्यायचा असतो. तो फॉर्म मी पहिल्यांदा पाहिला मॅडमच्या टेबलावर, दुसऱ्याच कोणाच्या फाइलमध्ये.

कागदांबद्दल एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण त्यात माझं नुकसान झालं. मेडिकल स्टोअरची बिलं. ती निघतात गुळगुळीत कागदाच्या पट्टीवर. मी सगळी एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी टीव्हीच्या मागे ठेवली. जानेवारीत उघडली तर ऑगस्ट-सप्टेंबरची बिलं कोरी! शाई उडून गेलेली, दुकानाचं नावसुद्धा नाही. उन्हाकडे धरून एकेक आकडा वाचायचा प्रयत्न केला. सहा-सात हजारांची बिलं अशी गेली. दुकानदाराने कॉम्प्युटरमधून काही परत काढून दिली, काहींचं बिलच माझ्या नावावर फाडलेलं नव्हतं. बिल हातात आलं की त्याच दिवशी झेरॉक्स काढा, आणि बिलावर आपलं नाव लिहून घ्या.

दुसरं, माझी एक लहानशी मेडिक्लेम पॉलिसी होती. तिच्यातून 1 लाख 10 हजार मिळाले, पण त्यासाठी मूळ बिलं त्या कंपनीने ठेवून घेतली. मी साक्षांकित प्रती घ्यायला विसरलो होतो. त्या मागवायला चार महिने लागले. पुढे ट्रकच्या विमा कंपनीने म्हटलंच, मेडिक्लेमचे पैसे मिळालेत, तेवढे वजा करा. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा निकाल आला की जखमीने स्वतः हप्ते भरून घेतलेल्या मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून कापायची नाही. माझी केस तोपर्यंत रेंगाळली होती त्याचा हा एक फायदा. हप्ते मी भरायचे आणि सूट ट्रकवाल्याला, हे काही मला पटत नव्हतंच.

आता हाताकडे येतो. केस शेवटी हाताचीच होती.

वाइंडिंगचं काम बाहेरून पाहणाऱ्याला तारेची भेंडोळी गुंडाळणं वाटतं. अर्ध्या एचपीच्या स्टेटरला 24 खाचा असतात. प्रत्येक खाचेत आधी इन्सुलेशनचा कागद दुमडून घालायचा, मग मोजून फेरे दिलेली कॉइल एकेक तार करून आत सरकवायची. तांब्याच्या तारेवर एनॅमलचा पातळ थर असतो, नख लागलं तरी खरवडतो, आणि खरवडला की मोटर महिन्याभरात परत दुकानात. म्हणून तार अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत, दाबायची पण चेंगरायची नाही, अशी धरावी लागते. ही चिमूट माझी बसत नाही. अंगठा तर्जनीपर्यंत येतो, टेकतो, पण दाब देत नाही. कप धरतो, गाडीचं ॲक्सिलरेटर पिळतो, सहीसुद्धा होते, थोडी वाकडी. तार सुटते.

नागपुरात आमचा धंदा म्हणजे मार्च ते जून. एप्रिलमध्ये पारा 43-44 वर गेला की प्रत्येक घरातला कूलर आठवतो आणि प्रत्येक दुसऱ्या कूलरची मोटर जळलेली असते. लोक सकाळी सातला शटरसमोर मोटर घेऊन उभे असतात, खसाचे तुकडे अंगाला चिकटलेले. वर्षाची निम्मी कमाई या चार महिन्यांत. 2023 च्या उन्हाळ्यात मी शटर उघडून खुर्चीवर बसून होतो आणि माझा भाचा वाइंडिंग करत होता. त्याला रोजचे 500 द्यायचो.

मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, भाच्याला देता ते रजिस्टरमध्ये लिहा, तारीख टाकून त्याची सही घ्या. मला ते विचित्र वाटलं. बहिणीच्या पोराची सही घ्यायची? बहीणसुद्धा एकदा म्हणाली, "काय जी भाऊ, पोरावर भरवसा नाही काय?" पण लिहीत गेलो. लाल पुठ्ठ्याचं रजिस्टर, दोन वर्षं.

उत्पन्नाचा पुरावा ही माझी सगळ्यात लंगडी बाजू. रिटर्न कधी भरलंच नव्हतं. गुमास्ता लायसन्स होतं, उद्यम नोंदणी होती, बँकेत थोडीफार उलाढाल, आणि बिलबुकं. त्यातली निम्मी गिऱ्हाइकं बिल मागतच नाहीत. मी सांगितलं महिना सरासरी 30 हजार. कोर्ट म्हणालं, कागदावर दाखवा. जे मी इतकी वर्षं इन्कम टॅक्सपासून वाचवल्याचं समजत होतो, ते या दाव्यात एका फटक्यात गेलं. तक्रार करायला जागा नाही.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र मेडिकलच्या बोर्डाकडून घेतलं. ऑनलाइन अर्ज, तारीख, रांग. बोर्डाच्या डॉक्टरांनी हात फिरवून पाहिला, कोनमापकासारखं यंत्र मनगटाला लावलं, काहीतरी लिहिलं. प्रमाणपत्र आलं, उजव्या हाताचं 28 टक्के, म्हणजे संपूर्ण शरीराच्या हिशेबाने 14 टक्के, कायमस्वरूपी. 40 टक्क्यांच्या आत असल्यामुळे सरकारी सवलतीला उपयोग शून्य. मी निराश होऊन मॅडमना कागद दिला. "चौदाच टक्के मॅडम, यात काय मिळणार?"

त्या म्हणाल्या, हा आकडा हाडाचा आहे. तुमच्या कामाचं किती गेलं ते कोर्टाला वेगळं ठरवावं लागतं. सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात हे सांगितलंय. आधी पाहायचं की हा माणूस जखमेनंतर काय करू शकतो आणि काय नाही, मग त्याचा धंदा काय होता, आणि मग त्याची कमावण्याची ताकद किती घटली. पायाला दुखापत झाली तर कारकुनाचं आणि हमालाचं नुकसान सारखं नसतं. पण हे सिद्ध करायला डॉक्टर कोर्टात यायला हवेत. नुसतं प्रमाणपत्र फाइलला लावून भागत नाही.

डॉक्टर तिसऱ्या तारखेला आले. विमा कंपनीच्या वकिलांनी विचारलं, अर्जदार उजव्या हाताने जेवतो का? डॉक्टर म्हणाले, जेवतो. गाडी चालवतो? चालवू शकतो. मग 14 टक्क्यांपेक्षा जास्त काय गेलं? डॉक्टरांनी जरा थांबून सांगितलं, बारीक वस्तू दाबून धरण्याची ताकद गेली आहे, ती परत येण्याची शक्यता नाही, आणि बारीक तारेचं काम या हाताने होणार नाही. स्टेनोच्या बोटांचा आवाज तेवढा आला. मी मागच्या बाकावर बसलो होतो. डॉक्टर इतक्या सपाट आवाजात बोलले की माझ्याच हाताबद्दल चाललंय हे कळायला मला क्षणभर लागलं.

माझी उलटतपासणी त्याच्या आधी झाली होती. दोन प्रश्नांची भीती होती, दोन्ही आले. पहिला हेल्मेटचा. "घातलं होतं का?" नव्हतं, म्हणालो. निकालात आलं की जखम हाताची आहे, डोक्याची नाही, सबब हेल्मेट नसल्याने दुखापत वाढली असं म्हणता येत नाही. दुसरा प्रश्न, "दुकान आजही सुरू आहे ना?" हो. "म्हणजे कमाई सुरू आहे?" मी म्हटलं, दुकान सुरू आहे, काम भाचा करतो, त्याला रोजी देतो. "पुरावा?" मॅडमनी लाल रजिस्टर पुढे केलं. त्यावर निशाणी पडली, म्हणजे कोर्टाने ते पुराव्यात घेतलं. वकिलांनी दहा-बारा पानं उलटली, एका रविवारच्या तारखेवर बोट ठेवून विचारलं, रविवारी पण काम? मी म्हटलं, साहेब, मे महिना आहे. न्यायाधीश खाली पाहून हसले असं मला वाटलं, नक्की सांगता येणार नाही.

एफआयआरमधली "पाठीमागून धडक" पण निघालीच. पुरवणी जबाब, चहावाल्याचे फोटो आणि घटनास्थळ पंचनाम्याचा नकाशा, तिघांनी मिळून ती निस्तरली. पंचनाम्यात माझी गाडी ट्रकच्या डाव्या मागच्या चाकापाशी, गोदामाच्या तोंडाशी दाखवलेली होती. मागून धडक बसलेली गाडी तिथे पडत नाही.

मध्ये लोकअदालत येऊन गेली. विमा कंपनीने साडेसहा लाखांवर मिटवायची तयारी दाखवली. घरी दोन रात्री वाद. बायको म्हणाली, "अहो, घ्या ना, पोरीची बारावी आहे." तिचं चूक नव्हतं. लोकअदालतीत मिटलं की त्यावर अपील नाही, पैसा लवकर हातात. मॅडमनी सल्ला दिला नाही, फक्त कागदावर हिशेब मांडला आणि ठरवा म्हणाल्या. मी थांबायचं ठरवलं. तो शहाणपणा होता की हट्ट, तेव्हा तरी सांगता आलं नसतं.

ऑगस्ट 2025 मध्ये निकाल लागला. हिशेब असा. उत्पन्न महिना 15 हजार धरलं, माझ्या सांगण्याच्या निम्मं. स्वतःचा धंदा आणि वय चाळीस ते पन्नासमध्ये, म्हणून पुढच्या वाढीचे 25 टक्के धरून 18,750. वर्षाचे 2 लाख 25 हजार. अपघाताच्या वेळी माझं वय 43, त्याला गुणक (वर्षाच्या उत्पन्नाला वयाप्रमाणे ज्याने गुणायचं तो आकडा) 14, म्हणजे साडेएकतीस लाख. कमावण्याची ताकद 30 टक्के घटली असं धरून त्याचे 9 लाख 45 हजार. तिथे 14 टक्केच धरले असते तर 4 लाख 41 हजार झाले असते. दवाखान्याचा खर्च 1 लाख 86 हजार, सहा महिन्यांचं बुडालेलं उत्पन्न 90 हजार, वेदनांचे 75 हजार, गाडीभाडं-खुराक-सोबतीच्या माणसाचे 30 हजार. एकूण 13 लाख 26 हजार, अर्जाच्या तारखेपासून 7 टक्के व्याज.

फिटनेस संपल्याचं कारण सांगून विमा कंपनी हात झटकू पाहत होती. त्यावर आदेश झाला की कंपनीने आधी मला द्यावं, मग हवं तर मालकाकडून वसूल करावं. रायपूरचा मालक एकाही तारखेला आला नव्हता. रक्कम भरायला कंपनीला 30 दिवस, अपिलाला 90 दिवस. पैसे कोर्टात जमा झाले. त्यातला निम्म्याहून जास्त भाग माझ्या नावाने तीन वर्षांच्या एफडीत ठेवायचा हुकूम आहे. मोडता येत नाही, बायको खूश आहे.

माझ्यासारख्याला 2022 मध्ये जे मिळालं नाही, असं एक आता आहे. मे 2025 पासून केंद्राची कॅशलेस योजना आली. रस्ता अपघातातल्या जखमीला योजनेतल्या दवाखान्यात सात दिवसांपर्यंत दीड लाखांचे उपचार पैसे न भरता. काउंटरवर कोणी 30 हजार मागितले तर या योजनेचं नाव घ्या. आणि ट्रक पळून गेला, नंबरच मिळाला नाही, तरी हात हलवत परतायची गरज नाही. गंभीर जखमीला 50 हजार आणि मृत्यू झाल्यास वारसांना 2 लाख अशी हिट अँड रनची वेगळी भरपाई असते.

फौजदारी केस अजून सुरू आहे. ती वेगळ्या कोर्टात, तेव्हाच्या आयपीसीच्या 279 आणि 338 कलमांखाली. आता अपघात झाला तर भारतीय न्याय संहितेचं 281 आणि 125 लागतं. भरपाईच्या दाव्याला त्या केसच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. मागच्या तारखेला मी साक्षीसाठी गेलो होतो. बाहेरच्या बाकावर एक माणूस शेजारी येऊन बसला. वाळलेला, पायात रबरी चप्पल. ओळखलं नाही. त्यानेच विचारलं, "भैया, हाथ कैसा है अब?"

ट्रकचा ड्रायव्हर. दर तारखेला रायपूरहून रेल्वेने येतो, गाडी सुटली त्याच महिन्यात मालकाने त्याला कामावरून काढलं. मी हात पुढे करून अंगठा-तर्जनी टेकवून दाखवली. तो बराच वेळ पाहत राहिला. मग पुकारा झाला, साहेब रजेवर होते, पुढची तारीख 11 पडली.